कीर्तनकाराचा मुलगा : गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर

आमच्या बाळकुमच्या सप्ताहात पेटीवर साथ करणारा एक मुलगा आहे. वय असेल बारा-तेरा. गळा बरा, हात त्याहून बरा. मागल्या सप्ताहात पाचव्या दिवशी हरिपाठ आटोपल्यावर तो आमच्यापाशी आला, पाया पडला आणि म्हणाला की उद्या मला सुट्टी द्या, ठाण्यास गांधर्वची परीक्षा आहे. आम्ही सहज विचारले की बाबा रे, हे गांधर्व म्हणजे कोण? मुलाने न अडखळता सांगितले, बालगंधर्व. जवळ बसलेल्या चार टाळकऱ्यांनीही माना डोलावल्या.

आम्हांस हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. गांधर्व महाविद्यालय १९०१ साली निघाले. त्या साली नारायणराव राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, ह्या पेटीवाल्या मुलाच्याच वयाचे होते. त्यांच्या नावाने महाविद्यालय कुठून निघणार? ते नाव देवलोकीच्या गंधर्वांचे. आणि ज्यांनी ते काढले त्या पुरुषाचे नाव मात्र पेटी वाजवणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि टाळ वाजवणाऱ्यालाही नाही. त्या रात्री मंडपात सतरंजीवर बसून जी हकीकत त्या मुलास सांगितली, तीच येथे जरा विस्ताराने लिहितो. आम्ही गवई नव्हे, बरं का. पाठशाळेत आमचा जन्म कौमुदी घोकण्यात गेला. रागदारी जी काय कळते ती ऐकून ऐकून. पण ही हकीकत एका कीर्तनकाराच्या घरात सुरू होते, म्हणून ती सांगण्याचा थोडा अधिकार आम्हांस आहे असे समजतो.

कृष्णा आणि पंचगंगा ह्यांच्या संगमाजवळ नरसोबाच्या वाडीशेजारी कुरुंदवाड नावाचे गाव आहे. आज ते कोल्हापूर जिल्ह्यात येते. त्या काळी पटवर्धनांचे लहानसे संस्थान होते. तेथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णुबुवांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुसकर झाले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तन करीत. त्यांचे कीर्तन हरिदासी, म्हणजे ज्याला नारदीय म्हणतात ते. आमची घडण वेगळी. हरिदासी बुवा पूर्वरंगात पद घेऊन निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. आमच्याकडे अभंग, मागे टाळकऱ्यांची रांग आणि मृदंग. ह्या दोहोंत थोर कोणते हा वाद आमच्या तरुणपणी फार रंगत असे. आता त्यात रस राहिला नाही. हरिकथेला उभे राहणे दोहींकडे सारखेच कठीण.

विष्णु लहानपणी वडिलांच्या मागे साथीला उभा राहू लागला. कीर्तनकाराच्या घरच्या मुलाला सूर शिकवावा लागत नाही, तो कानावर पडतच असतो. पण त्याहून एक गोष्ट तो नकळत शिकतो. समोर बसलेल्या मंडळीत कोण कुणबी, कोण सावकार, कोण शास्त्री, हे गाणाऱ्याला निवडता येत नाही. जो आला तो श्रोता. दरबारी गवयाला राजाच्या एका मानेच्या हालचालीवर गावे लागते. कीर्तनकाराला साऱ्या मंडपावर. विष्णुबुवांनी पुढे जे केले त्याचे बीज येथे आहे असे आमचे मत आहे, आणि ते आम्ही कीर्तनकार म्हणून देत आहो हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

मुलगा वडिलांची गादी चालवणार हे ठरल्यासारखेच होते. इतक्यात एका उत्सवात दारूकाम चालले असता फटाका त्याच्या तोंडाजवळ फुटला आणि दोन्ही डोळ्यांस इजा झाली. लहानशा गावात उपाय नव्हता. मुलाला मिरजेस नेले. तेथे डॉक्टर भडभड्यांनी उपचार केले. दृष्टी पार गेली नाही, परंतु जन्माची अधू झाली. शाळा सुटली. कीर्तनकाराला पोथी हवी, ग्रंथ हवेत, पाठांतर हवे. अधू डोळ्यांनी ते कसे व्हावे? घरच्यांच्या पोटात काय कालवले असेल ते लिहायला नको. पण डॉक्टरांच्या कानी त्या मुलाचा गळा पडला होता. ह्याला गाणे शिकवा, असा सल्ला त्यांनी दिला. औषध देणारा पुष्कळ वेळा रोगच पाहतो. ह्या डॉक्टरांनी रोगापलीकडचा मुलगा पाहिला, म्हणून त्यांचे नाव आजवर घेतले जाते.

मिरजेत त्या वेळी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. महाराष्ट्रात ख्यालगायकी आणून रुजवण्याचे मोठे श्रेय त्यांचे. ते तरुणपणी ग्वाल्हेरीस गेले होते, हाल काढले होते, आणि वासुदेवबुवा जोश्यांच्या हाताखाली हद्दूखाँ-हस्सूखाँची गायकी मिळवून परत आले होते. त्या गायकीचे मूळ धनी मुसलमान उस्ताद; त्यांच्याकडून ती वासुदेवबुवांकडे आली, तेथून बाळकृष्णबुवांकडे, तेथून विष्णूकडे. विद्येला असा प्रवास घडतो आणि वाटेत ती कुणाची जात विचारीत बसत नाही.

तालीम कडक होती. पहाटे तंबोरा, दुपारी तंबोरा, रात्री तंबोरा. डोळ्यांनी पाहता येत नाही त्याचे सगळे लक्ष कानात उतरते, तसे झाले असावे. संस्थानिकांची मर्जीही विष्णूवर होती; खाण्यापिण्याची ददात नव्हती. असाच राहिला असता तर मिरजेचा एक नामांकित दरबारी गवई झाला असता आणि आज संगीताच्या इतिहासात दोन ओळी आल्या असत्या.

ते झाले नाही ह्याचे कारण असे सांगतात. मिरजेत एक मोठा समारंभ होता. गावच्या प्रतिष्ठितांना बोलावणी गेली. विष्णूवर दरबाराचा लोभ, त्यालाही गेले. पण त्याच्या गुरूंस, प्रत्यक्ष बाळकृष्णबुवांस, नव्हते. त्याने कारण विचारले तेव्हा कळले की गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना अशा ठिकाणी बरोबरीने बोलावण्याची रीत नाही. गाणे हवे तेव्हा त्यांना बोलावणे जाईलच. विष्णूच्या मनाला हे लागले. ज्यांच्या पायाशी आपण बसतो त्यांना गावात बसायला जागा नाही, मग आपल्याला मिळालेली जागा कसली?

येथे आम्हांस आमची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या एका गावी आमचे कीर्तन होते. कीर्तन झाल्यावर यजमानांनी आम्हांस आत पाट-रांगोळी करून पंगतीला बसवले. आमचा मृदंगवाला दिसेना. विचारले तर कळले की त्याचे पान बाहेर पडवीत मांडले आहे. कारण विचारण्याचे कारण नव्हते. आम्हांस ते ठाऊक होते. तासभरापूर्वी आम्ही त्याच मंडपात वैष्णवांच्या ठायी भेद नाही असे निरूपण घसा कोरडा होईतो केले होते. आणि आम्ही जेवलो. उठलो नाही. पानावर काय काय होते ते आजही आठवते.

विष्णु उठला. १८९६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने मिरज सोडली. डोळे अधू, गाठीला फारसा पैसा नाही. मनात एवढेच की गाण्याला आणि गाणाऱ्याला माणसांत बसवायचे. आता त्यांना बुवा म्हणू.

औंध, सातारा, बडोदे असे करीत बुवा काठेवाडात गेले. तेथे राजकोटास त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज ह्यात कुणाला नवल वाटणार नाही. त्या काळी मोठ्या गवयाचे गाणे ऐकायचे तर राजाच्या नाहीतर सावकाराच्या दिवाणखान्यात ओळख लागे. ज्याला ओळख नाही त्याने खिडकीखाली उभे राहावे. बुवांनी सांगितले की ठरलेले चार पैसे द्या आणि आत येऊन ताठ बसा.

आता आम्ही पडलो वारकरी. हरिकथा विकू नये हे आमच्या हाडीमाशी खिळलेले. तेव्हा तिकीट हा शब्द आला की आमच्या कपाळाला आठी पडते. आम्ही ह्यावर पुष्कळ विचार केला. दिवाणखान्याच्या दाराशी भालदार उभा होता आणि जलशाच्या दाराशी तिकीटवाला. भालदाराला तोंड पाहून आत सोडायचे असते, तिकीटवाल्याला नाही. एवढा फरक मानला पाहिजे. मात्र ज्याच्याजवळ चार पैसेही नाहीत तो दोन्ही दारांशी बाहेरच. त्याच्यासाठी देवळाचा सभामंडप होता आणि बुवांना त्या मंडपाचा विसर पडला नव्हता, हे पुढे दिसेल.

काठेवाडातून गिरनार, मग ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास झाला. गिरनारावर एका साधूची गाठ पडली आणि त्याने पंजाबाकडे जाण्याची आज्ञा केली, असे परंपरेत सांगतात. मथुरेस त्यांनी ध्रुपद ऐकले, शिकले, आणि व्रजभाषाही पक्की करून घेतली. ज्या भाषेत ख्यालाच्या चिजा बांधलेल्या ती भाषाच कळत नसेल तर नुसते स्वर घोळवून काय उपयोग? आमच्यातही पाठ केलेला अभंग अर्थावाचून गाणारे आहेतच.

अखेरीस बुवा लाहोरास पोचले आणि तेथे ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. मराठी माणूस, तोही अधू डोळ्यांचा, लाहोरात गायनशाळा काढतो हे साहसच. राजाच्या पदरी न राहता लोकांच्या मदतीवर चालणारी संगीताची अशी शाळा तोवर नव्हती असे जाणकार सांगतात. आरंभी विद्यार्थी येईनात. बुवा शाळेच्या वेळी तंबोरा जुळवून एकटेच बसत. घंटा झाली की गात आणि घंटा झाली की उठत. हळूहळू पोरे आली, मोठी माणसे आली. चांगल्या घरच्या मुलींनी गाणे शिकणे म्हणजे कुळाला डाग असा तो काळ. बुवांनी स्त्रियांसाठीही शिकण्याची सोय केली. आज आमच्या बाळकुम-कोलशेतच्या मुली पेटीची पिशवी खांद्याला लावून क्लासला जातात, आणि कुणी वळूनही पाहत नाही.

बुवांच्या शाळेत एक उपदेशक वर्ग होता. त्यात निवडक मुले शाळेतच राहत. जेवण, राहणे, शिकणे सगळे बुवांकडे. मोबदल्यात मुलाने नऊ वर्षे शिकायचे आणि पुढे हीच विद्या लोकांना शिकवायची. पहाटे उठणे, मेहनत, शिस्त, निर्व्यसनी राहणे. गवई म्हटला की व्यसन आलेच, ही लोकांची समजूत बुवांना मुळापासून खोडायची होती. शिस्तीत ते कठोर होते आणि मुले त्यांना फार भीत. पण ह्याच मुलांतून ओंकारनाथ ठाकूर निघाले, विनायकराव पटवर्धन निघाले, नारायणराव व्यास निघाले, प्रो. बी. आर. देवधर निघाले. नारायण मोरेश्वर खरेही ह्यांतलेच. त्यांची हकीकत पुढे येणार आहे. गुरूने विद्या हातची राखून ठेवण्याच्या काळात बुवांनी ती मोकळ्या हाताने वाटली. चिजा कागदावर उतरवण्यासाठी त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती केली, छापखाना घातला, ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तके काढली, ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक चालवले. त्याच सुमारास पं. भातखंडेही हेच काम दुसऱ्या अंगाने करीत होते आणि पुढे त्यांचीच लेखनपद्धती सोपी म्हणून अधिक चालली. ज्याला अक्षर दिसायला कष्ट पडत त्याने इतरांसाठी एवढी अक्षरे छापावी, हे ऐकून आमचा पेटीवाला मुलगा पहिल्यांदा गप्प झाला.

बुवांच्या एका गोष्टीशी मात्र आमचे जमत नाही. ख्याल-ठुमरीच्या चिजांत शृंगार असतो. घरंदाज मुलामुलींना तो शिकवू नये म्हणून बुवांनी कित्येक चिजांचे शब्द बदलून तेथे भक्तीचे शब्द घातले. हेतू शुद्ध होता आणि काळही तसा होता. गाण्यावरचा कलंक धुवायचा तर असे काही करणे भाग असेल. पण आमच्या संतांनी गौळणी लिहिल्या आहेत, विराण्या लिहिल्या आहेत. माउलींची विरहिणी ऐकून कुणी बिघडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. शृंगाराचे तोंड देवाकडे वळवता येते, त्याला घराबाहेर काढण्याची गरज नसते. बुवा आज भेटते तर पायांवर डोके ठेवून एवढे बोललो असतो.

१९०८ साली मुंबईत महाविद्यालयाची शाखा निघाली आणि बुवांचे ठाणे मुंबईस हलले. विद्यार्थी वाढले, शिक्षक वाढले, व्याप वाढला. गिरगावाजवळ सँडहर्स्ट रोडवर, ज्याला आता सरदार वल्लभभाई पटेल रोड म्हणतात तेथे, महाविद्यालयाची स्वतःची मोठी इमारत उभी राहिली. ती कर्जावर उभी राहिली होती. बुवा गावोगाव जलसे करीत आणि येईल तो पैसा व्याजात घालीत. गळा फिरत राही आणि कर्ज जागच्या जागी राही. उपदेशक वर्गातली मुले फुकट जेवत होती. त्यांना घरी पाठवले असते तर हिशेब थोडा जुळला असता. बुवांनी तसे केले नाही. संसारातही दुःख पाठीशी लागलेले. एकामागून एक मुले गेली. १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय तेवढा हाताशी राहिला.

ह्याच वर्षांत बुवांचे मन रामनामाकडे झुकत गेले. पुढे तर अंगावर भगवी वस्त्रे आली. १९२२ साली नाशिकला त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. जलशात ख्याल गाता गाता ते मधूनच रामनामाचा गजर सुरू करीत आणि श्रोत्यांना मागे म्हणायला लावीत. रागाचा विस्तार ऐकायला आलेले जाणकार हळहळत. एवढा मोठा गवई भजनी लागला आणि गाण्याला मुकला, असे बोलणारे होते.

वाचक म्हणतील, तुम्ही कीर्तनकार, तुम्हांला ह्याचा आनंदच असणार. आनंद आहे, खोटे कशाला बोलू? पण तो निर्भेळ नाही. ग्वाल्हेरची गायकी ही देखील भगवंताची देणगी. गुरूने रक्त आटवून ती पदरात घातली, शिष्याने अर्धे आयुष्य तिच्यावर ओवाळले. ती उतारवयात बाजूला ठेवताना आतून काही तुटले नसेल असे म्हणणे म्हणजे माणूस न ओळखणे होय. आम्ही असे समजतो की बुवांनी गाणे सोडले नाही, ऐकणारे बदलले. पहिल्याने राजे होते, मग तिकीट काढणारे आले, आणि शेवटी ज्यांना गाणे येत नाही ते सगळे आले. त्यांना नुसते ऐकवायचे नव्हते, गायला लावायचे होते. ख्याल सर्वांना म्हणता येत नाही. नाम म्हणता येते.

१९२४ साली कर्जापायी मुंबईची ती इमारत लिलावात गेली. जिच्यासाठी गळा झिजवला ती वास्तू परक्याची झाली. बुवा नाशिकच्या आश्रमात राहू लागले. तेथे तुलसीदासांचे रामचरितमानस हाती घेऊन ते स्वरांत प्रवचन करीत. म्हणजे काय झाले पाहा. वडिलांचे काम हेच होते. फटाक्याने ज्या कामातून लहानपणी उठवले त्याच कामावर बुवा पन्नाशी उलटल्यावर येऊन बसले. मध्ये मिरज, लाहोर, मुंबई एवढा वळसा पडला.

राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मान पुष्कळ वर्षे बुवांकडे असे. १९२३ साली काकीनाड्यास अधिवेशन भरले, मौलाना महंमद अली अध्यक्ष होते. त्यांनी गायनास आक्षेप घेतला. बुवांनी, हे कोणा एका धर्माचे स्थान नसून राष्ट्राचे व्यासपीठ आहे अशा आशयाचे उत्तर देऊन, गीत शेवटापर्यंत म्हटले. डोळे अधू असल्याने समोरचे चेहरे फारसे दिसत नसतील, आणि कधीकधी तेही बरेच असते.

आता खऱ्यांची गोष्ट. गांधीजींना साबरमतीच्या आश्रमात प्रार्थना आणि भजन शिकवण्यासाठी माणूस हवा होता. बुवांनी आपला शिष्य नारायण मोरेश्वर खरे ह्यांस पाठवले. चांगला तयार झालेला गवई, मैफली गाजवून नाव कमावू शकला असता. तो आश्रमात सूत कातणाऱ्यांना भजन शिकवू लागला. आश्रमात म्हणायच्या भजनांचा जो संग्रह झाला, ‘आश्रम भजनावली’, तो खऱ्यांनी जुळवला. त्यात तुलसीदास, मीराबाई, नरसी मेहता ह्यांच्या पंगतीला आमचे तुकोबारायही आहेत. गुजरातच्या नदीकाठी, मराठीचा गंध नसलेली माणसे पहाटे तुकोबांचा अभंग म्हणत, ती ह्या कुरुंदवाडच्या कीर्तनकाराच्या मुलाची पुण्याई.

‘रघुपति राघव’ ही रामधून देशभर ज्या चालीवर पसरली ती चाल बुवांची मानतात. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून दांडीस निघाले. बरोबर सत्तरांवर काही सत्याग्रही. वाटेत मुक्काम, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, आणि चालताना नाम. पंडित खरे त्या तुकडीत होते. चोवीस दिवस चालून ६ एप्रिलला मीठ उचलले. ज्याने आळंदीपासून पंढरीपर्यंत पायी वारी केली आहे त्याला हे चित्र निराळे समजावून सांगायला नको. मुखी नाम घेऊन चालले की पाय दुखतात पण थांबत नाहीत, हे आमच्या बायाबापड्यांनाही ठाऊक आहे. लोक त्या यात्रेला दांडी म्हणतात. आमच्या कानाला ती दिंडीच वाटते.

बुवा तेव्हा हयात होते. महाविद्यालयाची इमारत गेली होती, प्रकृती खालावली होती, आणि त्यांच्या शिष्याने नेलेला गजर गुजरातच्या रस्त्यावर चालत होता. त्यानंतर दीड वर्षही गेले नाही. २१ ऑगस्ट १९३१ रोजी बुवांनी देह ठेवला, तोही मिरजेस. जेथून मान राखण्यासाठी उठून गेले होते तेथेच. वय एकोणसाठ.

त्याच वर्षी अखेरीस शिष्य अमदावादेस जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. आमच्या मुलाची परीक्षा ती ह्याच मंडळाची. मंडळाचे काम आज मिरजेहून आणि आमच्या अलीकडच्या वाशीहून चालते. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकुरांनी पुढे काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे शिक्षण उभे केले. बुवा गेले तेव्हा मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा. त्याला विनायकराव आणि नारायणराव व्यास ह्या गुरुबंधूंनी तयार केले; बापाने वाटलेली विद्या बापाच्या शिष्यांकडून मुलाकडे परत आली. हेच डी. व्ही. पलुसकर. त्यांचा आवाज ज्यांनी ध्वनिमुद्रिकेवर ऐकला असेल त्यांना सांगायला नको, की ख्यालाच्या शेजारी भजन बसले तर ख्यालाचे काही उणे होत नाही. वडिलांकडे ज्या दोन गोष्टी एकमेकींना ढकलीत होत्या त्या मुलाच्या गळ्यात शेजारी शेजारी नांदल्या. पण आयुष्य थोडे. २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तेही गेले. १९७३ साली विष्णुबुवांचे टपाल तिकीट निघाले.

आमच्याकडे सप्ताहाच्या पत्रिकेत मृदंगाचार्य, गायनाचार्य अशी नावांची रांग छापतात. यंदा त्या पेटीवाल्या मुलाच्या नावामागेही कुणी हौसेने गायनाचार्य छापले होते. बुवांच्या नावामागे हाच शब्द लागत असे, हे आम्ही त्याला सांगितले. तो लाजला आणि पत्रिका घडी करून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला सुट्टी दिली. सकाळी कीर्तनाला पेटीवाचून उभे राहिलो. एकतारी विणा आणि मृदंग ह्यांवर निभावले. संध्याकाळी हरिपाठाला मुलगा परत हजर. परीक्षा कशी झाली ते त्याने सांगितले नाही. बसल्याबरोबर त्याने आधी एकच विचारले, की मुंबईच्या त्या इमारतीवर जे कर्ज होते ते शेवटी फिटले का. आम्ही सांगितले की नाही रे, इमारतच गेली. त्याने जरा विचार केला, पेटीचा भाता सोडला, आणि आज पट्टी कुठली घ्यायची ते विचारले. आमचा घसा सहा दिवसांच्या जागराने बसला होता. काळी चार झेपण्यासारखी नव्हती. काळी दोन घे म्हटले, आणि हरिपाठ सुरू केला.